फोटोतला आबा आणि घरातला पावना

चार वर्षांनी मी घरी आलो तेव्हा माझ्या जागेवर दुसरा माणूस होता. तो भिंतीवर होता, चौकटीत, काचेच्या आत, त्यामुळे त्याच्याशी भांडायची सोय नव्हती.

सन सेहेचाळीसचा माघ. शिराळ्याला मोटारीतून उतरलो, दोन कोस चाललो, ओढा ओलांडून गावात शिरलो. आई, म्हणजे राहीबाई, हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाक होतं तिथंच आहे याची खात्री केली आणि मग रडली. बायको अंजना चुलीमागं उभी राहिली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एका घरात सगळे मिळून बावीस दिवस राहिलो होतो, तेही दोन रजांत विभागून. एखाद्या गावातून मोटारीनं पुढं गेलेला माणूस त्या गावाकडं बघतो तसं आम्ही एकमेकांकडं बघितलं. नाव माहीत होतं, गल्ल्या माहीत नव्हत्या.

आणि उंबऱ्यात मनुबाई उभी होती. माझी मुलगी. वय सव्वातीन. मी जहाजात बसलो तेव्हा ती पोटात होती. तिच्याबद्दल मला पत्रांतून एवढंच कळलं होतं की ती खुशाल आहे. आमच्या घरची पत्रं शेजारचे तात्याबा पेन्शनर लिहायचे आणि त्यांच्या पत्रात सगळेच खुशाल असायचे. म्हैस मेल्याचं कळवलं त्या पत्रातसुद्धा पहिल्या ओळीत म्हैस खुशाल होती.

मी डोक्यावरची टोपी काढून भिंतीच्या खुंटीला अडकवली. खुंटीखाली एक फोटो होता. टोपी फोटोच्या तोंडावर आली.

मनूनं टोपीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ती पडली. पडली म्हणजे तिनं स्वतःला पोत्यासारखं टाकलं. पाठीची कमान झाली, टाचा जमिनीवर वाजायला लागल्या, तोंड उघडं पण आवाज नाही. ओठ निळे पडत चालले. मी इटलीत तोफा ऐकलेला माणूस. त्या घरात मी पहिल्यांदाच, खंदक कुठं आहे, असं इकडंतिकडं बघितलं.

"दिष्ट लागली," आई म्हणाली आणि चाचपडत मीठ-मिरच्या शोधायला गेली.

"पान्याचा हबका मारा तोंडावर," तात्याबा दारातून म्हणाले. "न्हाईतर यक ठिवून द्या. आमच्या पल्टनीत आसं कुनी केलं असतं का?"

त्यांच्या पलटणीत सव्वातीन वर्षांचे शिपाई नसावेत.

अंजनानं पुढं होऊन खुंटीवरची टोपी काढली. मनूचा श्वास आला, पाठोपाठ आवाज आला, तो बराच वेळ राहिला आणि हळूहळू ओसरला. मग ती उठली, परकराच्या टोकानं फोटोची काच पुसली आणि माझ्याकडं वळली.

"पावनं, तुमी कवा जानार?"

"अठ्ठावीस दिवसांनी," मी म्हणालो. लष्करात राहिलं की विचारलेल्याचं उत्तर आकड्यात द्यायची खोड लागते. तिला अठ्ठावीस किती ते कळत नव्हतं, पण लय असावेत असं तिच्या तोंडावर दिसलं.

तेव्हा मी त्या फोटोकडं नीट बघितलं. फोटोत मी नव्हतो.

मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस, शेजारी तिपाईवर कागदी फुलं, हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. मध्ये उभा होता दस्तगीर. सांगलीचा, माझ्याच कंपनीतला, माझा दोस्त. बेळगावला जहाजाची तारीख कळली त्या दिवशी आम्ही दोघांनी एकाच न्हाव्याकडून एकसारख्या मिशा कापून घेतल्या आणि एकाच स्टुडिओत पाठोपाठ उभं राहून फोटो काढले. पत्ते देऊन निघालो. स्टुडिओवाल्यानं पाकिटात अदलाबदल केली.

आणि मग मला एक जुनी गोष्ट आठवली. दस्तगीरला त्याच्या आईनं पत्र धाडलं होतं, 'फोटो मिळाला, पण त्यात तू नाहीस.' ते वाचून तो दिवसभर हसत होता. म्हणाला, "लाल्या, आईचं काळीज बघ गड्या. थोडा वाळलो तर वळखंना." मीपण हसलो. आम्ही दोघं ते मायेचं बोलणं समजलो होतो. ती बिचारी सरळ जे दिसलं ते सांगत होती.

दुसऱ्या दिवशी अंजना जात्यावर बसली होती तेव्हा विचारलं.

"भिंतीवरचा फोटो मी हाय का?"

"न्हाई."

"कवापासनं म्हाईत हाय?"

"आला त्या दिसापासनं." तिनं जात्यात मूठ टाकली. "सासूबाईंना टोपी दिसली, मिशी दिसली. त्यांनी कुकू लावलं, खुंटीखाली लावला. आता घरचं मानूस लढाईत आसताना फोटोकडं बघून 'ह्ये ते न्हवंत' आसं तोंडातनं कसं काढायचं? काय वाईटसाईट झालं असतं म्हंजी? म्हनून गप ऱ्हायले."

"आनि पोरीला सांगितलंस ह्यो तुजा आबा."

"मग काय सांगू? पावना हाय म्हनून?" ती थोडा वेळ दळत राहिली. मग म्हणाली, "चेहरा बरा हाय की."

मी ते मान्य केलं. माझ्यापेक्षा तो फोटोत चांगला आला होता. तो आता नाही, हेही मी तिला सांगितलं. तिचं जातं थांबलं. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात गेला. म्हणजे आमच्या घरात सव्वा वर्ष एका मेलेल्या माणसाला रोज कुंकू लागत होतं, मी जगावं म्हणून. आणि लागू पडलं होतं, एवढंच मी म्हणू शकतो.

आता सांगलीत त्याची आई रहिमतबी होती, काकणं भरणारी. तिच्याजवळ पोराचा एकही फोटो नव्हता, कारण तो आमच्याकडं होता. तो तिला नेऊन द्यायला हवा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. विचार करायचा तो मनूचा.

"त्या फोटोबगर ती जेवत न्हाई," अंजना म्हणाली. "न्या. मी न्हेऊ नगा म्हनत न्हाई. पर पोरीचं काय करनार ते आदी सांगा."

ते मला सांगता येईना. मनू दिवसातून तीनदा तरी स्वतःला टाकायची. मी तिला गुळाचा खडा दिला, तो तिनं म्हशीला दिला. लाकडाची मोटार करून दिली, तिचं चाक गोल नाही म्हणून मनू पडली. एकदा वैतागून मी "सावधान" म्हणून ओरडलो. ती चकित होऊन थांबली. आई आणि तात्याबाही थांबले. पण दुसऱ्यांदा म्हटल्यावर कुणीच थांबलं नाही.

सहाव्या दिवशी भाकरीवरून झालं. ताटात भाकरी पडली, मी मायेनं ती मोडून तिच्यापुढं केली. तिनं मोडकी भाकरी बघितली आणि म्हणाली, "जोड."

"भाकरी जोडत न्हाईत गं."

"जोड."

मी दोन तुकडे जवळ आणून धरले. इटलीत मी तारा जोडल्यात, पूल जोडताना दोर धरलाय. भाकरी जुळेना. ती पडली. आई मिरच्यांकडं निघाली. आणि ती तशी टाचा आपटत असताना मला दस्तगीरचं खेचर आठवलं.

आम्ही दोघं खेचरवाले. डोंगरात मोटारी जायच्या नाहीत तिथं खेचरांवर दारूगोळा चढवायचा. वाटेत मधेच खेचर बसायचं. बसलं की बसलं. नायक शिव्या द्यायचा, मी लगाम ओढायचो, खेचर आमच्याकडं बघायचंसुद्धा नाही. मग दस्तगीर यायचा. तो ओझ्याचा पट्टा एक भोक सैल करायचा आणि खेचराशेजारी मांडी घालून बसायचा. त्याच्यासमोर कधी बसायचा नाही, शेजारी बसून ते बघतंय तिकडं तोंड करायचा.

"समोर बसलास की त्येला वाटतंय भांडान हाय," तो म्हणायचा. "आपलं तोंड काय दावायचंय त्येला? ते काय बघतंय ते बघ की."

कधी पुढं फळी मोडलेली असायची, कधी मेलेलं घोडं. कधी काहीच नसायचं. मी विचारायचो, "आता कुठं बघतंय रं?" तो म्हणायचा, "कुठंच न्हाई. मग आपुनबी कुठं बघायचं न्हाई." थोड्या वेळानं खेचर उठायचं.

एका नदीच्या काठावर तो असाच बसला होता, तेव्हा वरून गोळा आला. पद्धत बरोबर होती, जागा चुकली.

मी ताट बाजूला सारलं आणि मनूशेजारी जमिनीवर बसलो. तिच्याकडं बघितलं नाही. ती जिकडं बघत होती तिकडं तोंड केलं. तिकडं फोटो होता. आई मिरच्या घेऊन आली, तिला चाहूल लागली की दोघं जमिनीवर आहेत. ती म्हणाली, "ह्येलाबी लागली का काय," आणि दोघांवरून उतरून टाकल्या.

आवाज आला, राहिला, ओसरला. हुंदके उरले.

"पावनं, काय बघताय?"

"तू काय बघतीस?"

"आबा." मग बऱ्याच वेळानं, "आबाला सबंद दावायची आस्ती. मग मोडायची. मग आबा खातो. मग मी."

मग कळलं. मी भाकरी मोडली नव्हती, फोटोतल्या माणसाचं जेवण मोडलं होतं. त्या दिवसापासून मी भाकरीला हात लावला नाही. पडणं संपलं नाही, पण ती पडली की मी शेजारी बसायचो आणि ती उठली की उठायचो. माझी निम्मी रजा जमिनीवर गेली. त्या जमिनीवरून मला फोटोतल्या माझ्या दोस्ताचं तोंड दिसायचं, आणि माझी मुलगी त्याला घास भरवायची. मला कुणी काही भरवत नव्हतं. तक्रार नाही. तो बिचारा चार वर्षं हजर होता.

विसाव्या दिवशी मी आईला खरं सांगितलं. तिनं चाचपडत कुंकवाची डबी हातात घेतली. मग म्हणाली, "माझ्या कुकवानं त्येचं काय वाईट झालं नसंल न्हवं रं लाला?"

"न्हाई गं."

"मग नेऊन दे. आईची वस्तू हाय."

मनूलाही मी खरं तेवढंच सांगितलं. "आबाला त्येच्या आईकडं जायचंय."

"आबाला आई हाय?" तिला हे नवीन होतं. विचार करून म्हणाली, "मी न्हेती." तिनं तिच्या लहानपणीच्या दुपट्यात फोटो गुंडाळला आणि पोटाशी धरला. मी धरायला मागितला नाही. ओझं खेचराचं आहे, आपण नुसतं बरोबर चालायचं.

कोळशावर चालणारी मोटार होती. इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला पोचेपर्यंत दुपार झाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दाराला काकणांच्या माळा लावलेलं घर. रहिमतबी दारातच बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "ये बेटा. लय उशीर केलास."

"चाची, तुमी मला वळखता?"

"चार सालं बघतीया की तुला," ती म्हणाली.

आत कोनाड्यात माझा फोटो होता. हंस, तळं, कागदी फुलं आणि मी. काच स्वच्छ होती. "कुनाचं तरी पोर हाय म्हनून ठिवला," ती म्हणाली. "माझ्या पोरासाटी दुवा मागताना तुझ्यासाटीबी मागायची. एकाची तरी पोचली."

मनूनं दुपटं सोडलं. फोटो पोटाशी तसाच, पण तोंड बाहेर. रहिमतबीनं बघितलं.

आणि मी चूक केली. मला वाटलं, आता देऊन टाकावा. "मनू, आन हिकडं," म्हणून मी फोटोला हात घातला. तिनं स्वतःला टाकलं, फोटोसकट. काच खाली, पोर वर, ओठ निळे. मी तिला उचलायला वाकलो.

"हात लावू नगं," रहिमतबी म्हणाली. ती उठली, मनूच्या शेजारी फरशीवर बसली आणि मनूचं तोंड होतं तिकडं तोंड करून बघत राहिली.

मी उभाच राहिलो. "चाची, ह्ये तर दस्तगीर करायचा. खेचराला."

"त्यानं कुठनं आनलं आसंल? ल्हान आसताना त्यो भर बाजारात आसाच पडायचा. माझ्या डोक्यावर काकनांची पाटी. वाकून मारायला गेलं तर सगळी काच खाली. मग काय करनार, पाटी सांभाळत त्येच्याशेजारी बसायची. त्यो बघंल ते बघायची. लोकं म्हनायची, बया पोराला धाक लावत न्हाई. म्या म्हनायची, पाटी कोन धरतंय का, मग लावते."

मी मनूच्या दुसऱ्या बाजूला बसलो. तिघांचीही तोंडं कोनाड्याकडं होती. म्हणजे आम्ही तिघं मिळून माझ्या फोटोकडं बघत होतो. मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

"तिला झोप लागंल," मी हळूच म्हणालो. "मग काडून घ्या."

"झोपंत घेतलं तर ती चोरी. उठल्यावर काय सांगशील तिला?" एवढं बोलून ती परत कोनाड्याकडं बघायला लागली. चार वर्षं थांबलेली बाई, तिला घाई नव्हती.

हुंदके उरले तेव्हा मनू म्हणाली, "त्यो कोन?"

"त्यो मी," मी म्हणालो.

तिनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "न्हाई."

"त्योच हाय," रहिमतबी म्हणाली. "हित माझ्यापाशी व्हता. तुझ्यापाशी माझा व्हता. चुकून हिकडचा तिकडं गेला. म्या तुझा सांभाळला, तू माझा सांभाळलास."

"ह्यो तुजा?"

"माझ्या पोटचा."

मनू विचार करत राहिली. मग उठून बसली. "त्यो जेवला न्हाई आजून."

रहिमतबीनं आतून भाकरी आणली. मोडू लागली तशी मनू म्हणाली, "सबंद दाव आदी." तिनं सबंध भाकरी फोटोला दाखवली, मग मोडली, मग पहिला घास फोटोच्या तोंडापाशी धरला. धरला तो धरलाच. हात खाली येईना.

"लय येळ न्हाई धरायचं," मनू तिला समजावून सांगत होती. "त्यो खातो लगी. आता तू खा."

रहिमतबीनं घास खाल्ला. तो गिळायला तिला वेळ लागला. मनू तिच्याकडं लक्ष ठेवून होती, नीट गिळला का म्हणून. मग तिनं फोटो उचलला, रहिमतबीच्या मांडीवर ठेवला, वरून दुपटं घातलं आणि गळ्याशी दाबून बसवलं. माघाची थंडी होती.

निघताना रहिमतबीनं मनूच्या हातात हिरवी काकणं भरली. एवढासा हात दाबताना एकदाही दुखवला नाही. माझा फोटो मला परत मिळाला.

इस्लामपुरात मोटारीत कोळसा भरायला थांबलो तेव्हा मनू रस्त्यात पडली. कारण काहीच नव्हतं. मी माझा फोटो काखेत धरून शेजारी धुळीत बसलो. ती कुठंच बघत नव्हती. मीपण कुठं बघितलं नाही. मोटारीतला एकजण म्हणाला, "शिपाई, पोरगी मोठी हाय का तुमी?" ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. थोड्या वेळानं आम्ही उठलो.

घरी आई म्हणाली, आता माझ्या पोराचा लावा. अंजना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सध्या." खुंटीखाली फोटोएवढी भिंत पांढरी राहिली होती. मनू जेवायला बसली. भाकरी कुणाला दाखवली नाही. तिनं ती आपल्या हातानं मोडली आणि खाल्ली. मला वाटलं होतं आज ती पडेल. ती पडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस ती शहाण्यासारखी वागली. तात्याबा म्हणाले, "बघा, शिपायाचा धाक." मी टोपी पुन्हा खुंटीला अडकवायला लागलो. मी संध्याकाळी त्या पांढऱ्या चौकोनासमोर बसायचो, ती चुलीपाशी बसायची. कधीमधी ती माझ्याकडं बघायची, पुन्हा भिंतीकडं, दोन्हींत काहीतरी कमी असल्यासारखं.

अठ्ठाविसाव्या दिवशी शिराळ्याच्या थांब्यावर अंजना तिला कडेवर घेऊन आली. मी मोटारीत चढलो. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. धूळ होती, जागा होती, चार माणसं बघायला होती. पडायला इतकी चांगली जागा मिळत नाही. मनू आपल्या हिरव्या काकणांकडं बघत होती. मोटार सुटली. मी मागच्या काचेतून बघितलं. दोघी उभ्याच होत्या, मग लहान झाल्या, मग नव्हत्या.

बेळगावात पंधरा दिवसांनी पत्र आलं. अक्षर तात्याबांचं. सगळे खुशाल होते. त्याखाली लिहिलं होतं:

'तुमी गेला त्या दिवशी मनू काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि तुमच्या टोपीची खुंटी रिकामी बघून दारात पडली, ती उनं वर येईतो. तुमच्या मातोश्रींनी मिरच्या उतरल्या. मी मारू म्हणत होतो, पण तुमच्या मंडळींनी मला वसरीवर बसवलं आणि त्या तिच्याशेजारी बसल्या. ती वाटेकडं बघत होती म्हणून त्याही वाटेकडं बघत होत्या. असं रोज चाललंय. ती विचारते, पावनं कवा येनार. काय सांगायचं ते कळवावे.'

बराकीत दुपारची वेळ होती. मी खाटेवरून खाली फरशीवर बसलो. शिराळा कुठल्या बाजूला येतो ते मला नक्की माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवर वाटेगावचा आकाराम होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "उत्तरंला आसंल. का रं?"

"काय न्हाई."

मी उत्तरेकडं तोंड केलं. तिकडं भिंत होती. मी तिच्याकडं बघत बसलो.